चौथ्यावर थांबायचं

सोमवार, २ मार्च

ही वही आमच्या ह्यांची आहे. डाव्या पानावर गिऱ्हाइकांची मापं आणि उजवं पान कोरं. छाती अडतीस, कंबर छत्तीस, बाही तेवीस, आणि त्याच्या शेजारी माझी दैनंदिनी. एकसष्टाव्या वर्षी मला लिहायची हौस वगैरे आलेली नाही. कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज काय ऐकू आलं, काय नाही, ते लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी या. म्हणून लिहिते आहे.

आज ऐकू आलं: किटली, फाटकाची कडी, ह्यांचं शिलाई मशीन, ह्यांची अखंड बडबड. ऐकू आलं नाही: पियानोच्या उजव्या टोकाच्या सप्तकातलं जवळजवळ निम्मं. हे फक्त इथे लिहिते आहे. पियानोचे सूर लावणाऱ्या बाईचे कान गेले, ही बातमी पसरायला एक दिवस पुरेल.

दुसरी गोष्ट. रेडिओ केंद्राचा जुना स्टुडिओ आता छोटं सभागृह होणार. बावीस तारखेला संध्याकाळी पाचला उद्घाटन, सावकाशरावांच्या स्मरणार्थ. ते जाऊन तीन वर्षं झाली. सावकाश हे काही त्यांचं नाव नव्हे. जॅझवाल्या मंडळींनी ठेवलेलं, कारण ढोलवाला जरा धावायला लागला की ते पियानोवरून मान न उचलता म्हणायचे, "सावकाश." पुढे पोस्टरवरही तेच छापायला लागले. एकतीस वर्षं त्यांच्या त्या स्टुडिओतल्या पियानोचा सूर मी लावला.

व्यवस्थापकबाईंचा फोन आला. पियानो दर्शनी दालनात ठेवणार, बाजूने दोरी, वर फोटो, झाकणाला कुलूप. कार्यक्रमासाठी नवा पियानो भाड्याने. मी फक्त येऊन जुन्याला पुसून-बिसून द्यावं.

मी म्हटलं, "पियानो म्हणजे काय पेंढा भरलेला वाघ आहे?"

"अहो पण तो वाजतच नाही ना!"

"तीन वर्षं कोणी वाजवला नाही म्हणून वाजत नाही. मी वाजता करून देते."

बाई तशी वाईट नाही, घाईत असते एवढंच. बरीच हुज्जत घातल्यावर कबूल झाली. एकोणीस तारखेपर्यंत पियानो सुरात आणायचा, बावीसच्या दुपारपर्यंत तो सुरात राहायला हवा. राहिला तर कार्यक्रम त्याच्यावर. नाही राहिला तर कुलूप. फोन ठेवल्यावर कळलं, केवढा शब्द देऊन बसले ते.

बुधवार, ४ मार्च

पियानो उघडला आणि कपाळावर हात मारला. धूळ, एक पेन्सिल, दोन पिना, कोणाच्या तरी कोटाचं बटण. हवेतल्या ओलीने खालच्या तारांवर गंज. सूर सगळीकडून उतरलेला, आणि तोसुद्धा एकसारखा नाही. मधल्या भागात बऱ्यापैकी शहाणा, कडेला पार वाह्यात.

काम सोपं नाही पण समजायला सोपं आहे. बहुतेक प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. दोन तारांमध्ये रबरी पाचर घालून गप्प बसवायचं, उरलेली पान्याने स्वरकाट्याबरोबर आणायची, मग पाचर काढून दुसरीला पहिलीशी, तिसरीला दोघींशी. जुळत नसल्या की आवाज थरथरतो. जुळल्या की थरथर थांबते. दोनशेवर तारा आहेत. आज सगळ्या फक्त ढोबळ ओढून घेतल्या.

निघताना माझे नेहमीचे चार मेळ वाजवून पाहिले. मेळ म्हणजे चार-पाच पट्ट्या एकदम दाबायच्या. मधल्या सप्तकातून चार पायऱ्या खाली यायचं, चौथ्यावर बोटं तशीच धरून ठेवायची आणि विरत जाणाऱ्या आवाजातल्या लाटा मोजायच्या. बाबांनी शिकवलं. तेही हेच काम करायचे. "चौथ्यावर थांबायचं. सात लाटा मोजायच्या. सहाव्यालाच विरला तर कुठेतरी चुकलीस." मी नऊ वर्षांची असेन. आता मोजतेय हेसुद्धा कळत नाही, हातच मोजतो. आज तीनच्या पुढे गेला नाही.

खिडकीपाशी ती वेताची खुर्ची अजून आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी सावकाशराव तासभर आधी येऊन तिथे पेपर उघडून बसायचे. मला भारी राग यायचा. मागे कोणी बसलं की माझा पाना अडखळतो. एकदा म्हटलंसुद्धा, "साहेब, बाहेर चहा छान मिळतो." तर म्हणाले, "तुमचं चालू द्या बाई, मी पेपर वाचतोय." वाचत कसले होते! तासाभरात पान उलटल्याचा आवाज नाही. घरी चैन पडत नसणार, दुसरं काय.

शनिवार, ७ मार्च

व्यवस्थापकबाईंनी छापलेली स्मरणिका दिली. वीस पानं, सगळी "खिडकीपाशी"बद्दल. ही त्यांची सगळ्यात गाजलेली रचना. सुरुवातीला चार मेळ उतरत येतात, चौथा तसाच धरलेला आणि मग ती विश्रांती, म्हणजे पुढचं काही न वाजवता नुसतं थांबणं. त्या विश्रांतीवरच एकाने सहा पानं लिहिलीत. कोणी म्हणतं लहानपणी आईची वाट बघत खिडकीत बसायचे त्याचं दुःख आहे. कोणी म्हणतं एक प्रेयसी होती, ती गेली. बायकोला विचारायला हवं होतं, पण तीही गेली बिचारी. जगभरचे वाजवणारे ती विश्रांती शिकायला बघतात म्हणे, आणि कोणाला जमत नाही, सगळे लवकर निघतात.

मला वाटतं आईचंच खरं असावं. माणसाच्या मनात एकेक खिडकी अडकून बसते.

मी ती रेकॉर्ड आयुष्यात दोन-तीनदा ऐकली असेल. घरी मी संगीत लावत नाही. सुतार घरी येऊन खुर्च्यांचे पाय मोजत बसत नाही. पण आज लावली. मला दुसरंच ऐकू आलं. तो मऊपणा. आवाज कुठून सुरू झाला ते कळतच नाही. आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली. कारण तो मऊपणा माझा आहे. तारेवर आपटणाऱ्या हातोडीला फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर असते, ते फेल्ट वाजून वाजून घट्ट होतं आणि आवाज टणक निघतो. सुया टोचून ते सैल करावं लागतं. एकतीस वर्षं त्या हातोड्या मी टोचल्या. वीस पानांत सुईचा उल्लेख नाही. असो. पियानो सुरात तर आणीनच, पण हा आवाजसुद्धा परत आणून दाखवीन.

मंगळवार, १० मार्च

दोन दिवस टोचते आहे. बोटांना घट्टे. हे म्हणाले, "आपलं दोघांचं पोट सुईवरच. फरक एवढाच, मी टोचल्यावर काहीतरी तयार होतं."

मी म्हटलं, "बावीसला बघा काय तयार होतं ते."

मधली तीन सप्तकं पूर्ण. रेकॉर्डवर आहे तितकं मऊ अजून होत नाही. उद्या आणखी टोचणार.

गुरुवार, १२ मार्च

आज वाजवणारी येऊन गेली. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, कमरेपर्यंत वेणी. मी मनात वेणीच म्हणते. उद्घाटनाला हीच वाजवणार. म्हटलं, सावकाशरावांची भक्त असेल, हळुवार असेल. कसलं काय! बसली ती सुसाट सुटली. डावा हात इकडे पळतोय, उजवा तिकडे. मला वाटलं पट्ट्या बाहेर येतात की काय. अचानक थांबली आणि म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण हा उशीवर वाजवल्यासारखा वाटतो."

नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "हळू वाजवलंस की कळेल. हा त्यांचा आवाज आहे."

तिने हळू वाजवलं. खरंच उशी होती. मी बाजूला उभी, आणि ऐकू येत असूनही इतके दिवस ऐकलं नव्हतं. नुसता मऊ, आत गाभाच नाही. टोचता टोचता फेल्टचा जीव काढला मी. माझी शहाणी सुई!

तिला तसं सांगितलं नाही. विषय बदलायला विचारलं, "खिडकीपाशी वाजवणार असशील ना?"

"नाही. मी अकरा वर्षांची असताना ती रेकॉर्ड ऐकली म्हणून तर पियानोवर बसले. पंधरा वर्षं झाली, तो चौथा मेळ मला येत नाही."

"येत नाही म्हणजे? चार पट्ट्या तर दाबायच्या."

"दाबता येतात हो. थांबता येत नाही. मी थांबलेय असं दाखवते, ते थांबतात." वेणी पुढे ओढून टोक बोटाला गुंडाळत बसली. "त्यांच्यासारखं मी वाजवत नाही. पण काय वाजवायचं नाही हे त्यांच्याकडून शिकले. तेवढं पुरतं मला."

गेल्यावर एकटीच बसले. तिच्यावर चिडले होते, मग स्वतःवर, मग दोघींनाही सोडून दिलं आणि पुढचं ठरवायला लागले. दहा दिवस आहेत.

शनिवार, १४ मार्च

उपाय बाबांनी एकदा सांगितला होता, कधी वापरायची वेळ आली नव्हती. जास्त टोचलेल्या फेल्टला पातळ घासायचं आणि गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे वरचा थर परत घट्ट होतो. ह्यांची कॉलरची छोटी इस्त्री मागितली.

"कशाला?"

"हातोड्यांना इस्त्री करायचीय."

"बरोबर आहे. समारंभाला चाललेत, चुरगळलेलं बरं दिसत नाही."

पण इस्त्री घेऊन आपणहून आले बरोबर. मी हातोडी धरायची, ह्यांनी इस्त्री टेकवायची आणि लगेच उचलायची. पन्नास वर्षांचा हात. एकही फेल्ट करपलं नाही. दुपारी तीनपर्यंत छत्तीस हातोड्या. आवाजात गाभा आलाय. रेकॉर्डइतका मऊ नाही, पण बोलतो तरी.

रविवार, १५ मार्च

खांबकाका आले होते घरी. सावकाशरावांबरोबर उभा बास वाजवणारे, साडेसहा फूट, आता अठ्ठ्याहत्तरचे. स्वतःच्या वाद्याएवढेच उंच म्हणून खांब. बावीसला तेही वाजवणार. मी मनातली खंत बोलून दाखवली, की तो मऊपणा काही परत येत नाही.

काका हसले. "अहो, आम्ही वाजवायचो ती हॉटेलं आठवतात का? दात पडलेले पियानो, निम्म्या पट्ट्या मुक्या. तिथेही हाच आवाज काढायचा तो. सुया तुमच्या छान होत्या, पण तो मऊपणा त्याच्या हातात होता."

एकतीस वर्षांचा अभिमान चहाच्या एका कपात विरघळला. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर खूपच वाटलं. मग जरा हलकंही वाटलं. जे माझं नव्हतंच ते परत आणायची जबाबदारीही माझी नाही. सूर लावणं माझं, तेवढं मी करीन.

जाताना काकांनी एक कॅसेट दिली. "खिडकीपाशी"च्या आधीच्या वर्षातली, स्टुडिओतली. यंत्रवाल्याने टेप चुकून लवकर सुरू केला होता म्हणाले. "पहिली पाच मिनिटं नीट ऐका," एवढंच बोलले.

संध्याकाळी ह्यांच्या शिवणाच्या टेबलावर लावली. नुसती खरखर. मग चार मेळ, आणि ती विश्रांती. काय धीर हो त्या माणसाचा! रचना तयार होण्याच्या वर्षभर आधी नुसती चाचपणी चालू होती, आणि तरी चौथा मेळ पार विरेपर्यंत हललाच नाही. मी ह्यांना म्हटलं, "ऐका, याला म्हणतात कलाकार."

हे बटण लावत होते. म्हणाले, "मेळानंतर खोकलं कोण?"

"यंत्रवाला असेल."

"तुझा खोकला आहे तो. अडतीस वर्षं ऐकतोय मी."

"असेल! मी होतेच तिथे. सूर लावल्यावर पाना आवरत असणार, आणि धुळीने खोकला येतोच."

ह्यांनी दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे बघत राहिले. ह्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही.

मंगळवार, १७ मार्च

आज सांगून टाकलं.

वरचं सप्तक राहिलं होतं. सकाळपासून तीनदा लावलं. फोनवरचं ॲप आणलं होतं, ते सूर कुठे हवा ते दाखवतं, पण वरच्या बारीक तारा तिघी एकमेकींशी जुळल्यात की नाहीत हे त्याला नीट कळत नाही. ते कानानेच कळतं, आणि तिथे मला फक्त लाकडावर हातोडी आपटल्याचा ठक ऐकू येतो. पाना हातात धरून रडले. असं रडणं बाबा गेले तेव्हाच आलं होतं.

दुपारी ह्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मला वरचं ऐकू येत नाही."

"माहितेय. फाटकाची घंटी बदलून जाड आवाजाची कशाला आणली मी?"

दोन वर्षं झाली ती घंटी बदलून. मला वाटलं जुनी बिघडली असेल. हे उठले, चपला घातल्या. "चल. काय ऐकायचंय सांग."

स्टुडिओत ह्यांना शिकवायला गेले, तर ह्यांनीच भाषा बदलली. थरथर वगैरे ह्यांना जमेना. दहा मिनिटांनी म्हणाले, "थांब. आत्ता तीन दोरे वेगवेगळे पळताहेत. हं, आता दोन एकत्र आले, एक सुटलाय." मी पाना केसभर ओढला. "आला. आता एकच दोरा." आम्ही असं पूर्ण सप्तक केलं. मी हाताने, ह्यांनी कानाने. मशीनच्या खालचा दोरा तुटला तर पायानेसुद्धा ओळखणारा माणूस, माझ्याच घरात होता. आधीच सांगितलं असतं तर दोन वर्षांची धास्ती वाचली असती.

गुरुवार, १९ मार्च

व्यवस्थापकबाई स्वतःचं ॲप घेऊन आल्या, एकेक पट्टी दाबत गेल्या. प्रत्येक वेळी हिरवा दिवा. शेवटी म्हणाल्या, "अहो, हा तर खरंच वाजतो."

"मी काय पंधरा दिवस थट्टा करत होते?"

"पण बावीसपर्यंत सुरात राहायला हवा. भाड्याचा अजून रद्द केलेला नाही."

शुक्रवार, २० मार्च

सुरात आहे.

रविवार, २२ मार्च, दुपारी दोन

सकाळी नऊला गेले तर मधल्या सप्तकातली एक तार सपशेल उतरलेली. नेमकी मधल्यातलीच. तार गुंडाळलेली पिन भोकात सैल झाली होती, पान्याने ओढली की परत मागे. बाई दारात, कानाला फोन, भाड्याच्या पियानोवाल्याशी बोलतच होत्या. मी म्हटलं, "तुमच्या अटीप्रमाणे दुपार बाराला होते. मला अजून तीन तास आहेत."

पिन बाहेर काढली, भोकात सँडपेपरची पट्टी गुंडाळून घातली, पिन परत ठोकली, तार ओढली. उतरली. पट्टी बदलली, जाड घातली, परत ठोकली. अकरा वाजता लावली आणि एक तास त्या तारेकडे बघत उभी राहिले, एखाद्या तापवाल्या मुलाशेजारी उभं राहावं तशी. बाराला बाईंनी पट्टी दाबली. हिरवा. त्यांनी माझ्यासमोर फोन लावून भाड्याचा रद्द केला आणि दोरी आपल्या हाताने गुंडाळून कपाटात टाकली.

घरी येऊन चार घास खाल्ले. आता परत निघतो, दोघंही. शेवटचा हात फिरवायचा आहे.

सोमवार, २३ मार्च, सकाळ

कालचं आता लिहिते.

साडेचारला आम्ही पियानोशी. हे झाकणाखाली डोकं घालून वरचं सप्तक ऐकत होते, "एक दोरा, एक दोरा, हा सुटतोय" चाललं होतं. दारं पावणेपाचला उघडायची असं मला सांगितलेलं, पण बाईंनी घाई करून आधीच उघडली, आणि आमची पाठ प्रेक्षकांकडे. सकाळच्या तारेची धास्ती होतीच, म्हणून शेवटी माझे चार मेळ घेतले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा धरला आणि थांबले. एक, दोन, तीन. मागे खुर्च्यांचे आवाज येत होते ते बंद झाले. चार, पाच. एवढं गप्प सभागृह मी कधी ऐकलं नाही. सहा. सात.

मागे वळले तर दीडशे माणसं बसलेली. श्वास रोखून. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "खिडकीपाशी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "अहो, सुरू नाही झालेलं अजून. मी सूर लावणारी बाई आहे."

सगळे हसले. खांबकाका आपल्या बासपाशी उभे होते, ते हसले नाहीत. माझ्याजवळ आले आणि वाकून म्हणाले, "कॅसेट ऐकलीत ना?"

"ऐकली की. काय थांबलेत ते!"

"बाई, त्या दिवशी तो उशिरा पोचला. त्या पहिल्या पाच मिनिटांत तो आलाच नव्हता अजून."

मला आधी कळलंच नाही. मग खोकला आठवला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे झाकणाखालून बाहेर येत होते, केसांना धूळ, आणि चेहऱ्यावर काहीही नवं ऐकल्यासारखं नाही.

"एरवी तासभर आधी येऊन तुमच्या मागे बसायचा," काका म्हणाले. "मला सांगायचा, ती बाई स्वर संपायला घाबरत नाही रे, मी घाबरतो. कोणाला बोलू नकोस, तिला कळलं तर तिचा हात अडखळेल."

मी पाना पिशवीत ठेवायला गेले, तो दोनदा खाली पडला. हे मला हाताला धरून बाजूच्या खुर्चीवर घेऊन गेले. वेणी आतून येऊन पडद्यापाशी उभी होती, कधीपासून ते माहीत नाही. ती आली, बसली. ठरलेला कार्यक्रम दुसऱ्याच कशाने सुरू व्हायचा होता. तिने हात पट्ट्यांवर ठेवले आणि माझा चौथा मेळ वाजवला. फक्त चौथा, जिथे मी सोडला होता तो. आणि थांबली. मी मोजत होते. सहाला मला वाटलं आता निघणार. ती निघाली नाही. सातवी लाट विरली आणि मग तिने पुढे सुरुवात केली. सावकाशरावांचं नाही, तिचं स्वतःचं, आणि दोन मिनिटांत ती सुसाट सुटली नेहमीसारखी. मला ते पळणं काल पहिल्यांदा आवडलं.

घरी येऊन सात वाजता रेकॉर्ड लावली. चार मेळ. त्यांनी वेगळ्या पट्टीत घेतलेत, मध्ये एकदोन स्वर जास्त, म्हणून मी इतकी वर्षं ओळखले नाहीत. की ओळखायचं मनातच आलं नाही, कारण आपलं ते नुसतं काम. मी मोजलं. सातच. आई नाही, प्रेयसी नाही. वेताची खुर्ची, हातात न उलटलेला पेपर आणि समोर मी पाठमोरी. त्यांना बाहेर चहा प्यायला पाठवत होते मी! खूप रडले, आणि ते वाईट रडणं नव्हतं. बाबांना सांगायला हवं होतं, तुमचं ते सातपर्यंत मोजणं दूरदूरची माणसं दुःख म्हणून ऐकतात.

हे म्हणाले, "मी म्हटलं होतं तुझा खोकला आहे."

बुधवार, २५ मार्च

काल कानवाल्या डॉक्टरीणबाईंना वही दाखवली. त्यांनी चुकून आधी डावं पान वाचलं आणि विचारलं, कंबर छत्तीस कोणाची. वरचं परत येणार नाही म्हणाल्या. मधलं शाबूत आहे, सांभाळलं तर पुष्कळ वर्षं राहील. माझे चार मेळ सगळे मधल्यातच आहेत. वरच्यासाठी हे आहेत, माझ्या दर कामाच्या दिवशी एक शर्ट कमी शिवेन म्हणाले.

आज शाळेचा पियानो होता. उभा, जुना, शाईचे डाग. दहाला पोचले तर वर्गाच्या खिडकीत वेणी बसलेली. माझ्याही आधी येऊन. म्हटलं, "तू इथे कशी?"

"काही नाही बाई, इकडूनच चालले होते. तुमचं चालू द्या. मी फोन बघत बसते."

मी पाठ केली आणि कामाला लागले. पाना अडखळला नाही. तासाभराने मधलं सप्तक जुळलं, तेव्हा चार मेळ घेतले, चौथा धरला आणि मोजत मोजत समोरच्या फळ्याशेजारच्या कपाटाच्या काचेत बघितलं. फोन तिच्या हातात होता. पडदा काळा होता, आणि सात होईपर्यंत तिने त्याला बोट लावलं नाही.

मी पुढच्या तारेला पाचर लावली.